शिवेवरचा केर

घरांत एखादी वस्तु जमिनीवर पडलेली दिसली तर ती कोणाची, असें आपण सहज विचारतों आणि तिचा धनी बहुधा सांपडतो. रस्त्याच्या कडेच्या कचऱ्याची गोष्ट अगदीं उलट आहे. टाकणारा पुढें निघून गेलेला असतो. ज्याच्या दारासमोर तो पडला तो म्हणतो, माझा नव्हे. आणि ज्या संस्थेच्या हद्दींत पडला ती सांगते कीं आमची हद्द चार पावलें अलीकडेच संपते. अशा या बेवारशी मालाची व्यवस्था लावण्यास कांहीं लोक आपण होऊन पुढें येतात. रविवारीं सकाळीं हातमोजे चढवून, गोणी खांद्यावर टाकून ते रस्त्यावर उतरतात. त्यांच्या या कामाविषयीं आज बोलावयाचें आहे. कोणी तें पुण्याचें काम मानतात, कोणी हौसेचें, कोणी निव्वळ छायाचित्र काढून घेण्याचें. मला तें कसबाचें काम वाटतें. आणि तें कोठें साधतें व कोठें फसतें याचीं कारणें सांगतां येण्यासारखीं आहेत.

उदाहरणासाठीं पुणें जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यांतलें माण हें गांव डोळ्यांपुढें ठेवूं. हिंजवडीच्या पुढें माण लागतें आणि तेथून रस्ता घोटवड्याकडे जातो. गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें हिंजवडीस राजीव गांधींच्या नांवानें माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत उभी केली, आणि तिचे पुढचे टप्पे माणच्या शिवारांत येऊन पोहोंचले. पुण्याच्या मेट्रोची तिसरी मार्गिका, शिवाजीनगरपर्यंतची सुमारें २३ किलोमीटरची, तिच्या नांवांतहि आरंभीं माण आहे. थोडक्यांत म्हणजे एका पिढीच्या आंत खेड्याच्या अंगावर शहर येऊन बसलें.

जुन्या खेड्यांत कचऱ्याचा प्रश्नच नव्हता असें म्हणतात तें पुरतें खरें नाहीं. पण त्या कचऱ्याला जाण्यास जागा होती हें मात्र खरें. परसांत किंवा गांवाबाहेर घरोघरचा उकिरडा असे. चुलीची राख, गोठ्यांतलें शेण, भाजीचे देंठ, जेवणावळींतल्या पळसाच्या पत्रावळी, सारें तेथें पडे, वर्षभर कुजे आणि पावसाळ्याआधीं गाडी भरून शेतांत जाई. उकिरडा हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतों. कुणब्याच्या घरीं ती शिल्लक होती. माणसारख्या गांवांत दोन गोष्टी जवळजवळ एकदमच घडल्या. उकिरड्यांत न कुजणारा माल येऊं लागला, आणि ज्या शेतांत उकिरडा रिकामा व्हावयाचा तें शेत विकलें गेलें. वसाहतींत कामाला येणाऱ्यांसाठीं खोल्या झाल्या, खोल्यांपाठोपाठ खाणावळी, खाणावळींपाठोपाठ चहाच्या टपऱ्या. शेत गेलें, उकिरडा उरला, आणि उरलेला उकिरडा रस्त्याच्या कडेला येऊन बसला. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला अडाणी म्हणणें सोपें आहे. पण त्याच्या घरून निघालेल्या पिशवीला जाण्यास दुसरी वाट होती कीं नव्हती हें आधीं विचारलें पाहिजे.

शेताच्या जागीं शहराची यंत्रणा यावयास हवी होती. परंतु यंत्रणा हद्दीनें चालते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या घंटागाड्या वाकडमध्यें हिंडतात आणि महानगरपालिकेचा कचरा मोशीच्या डेपोंत जातो. हिंजवडी व माण हीं गांवें वसाहत उभी राहिली तेव्हां ग्रामपंचायतींचीं होतीं आणि पुढें दोन दशकांहून अधिक काळ तशींच राहिलीं. त्यांना महानगरपालिकेंत घेण्याच्या गोष्टी मधून मधून निघत राहिल्या. वसाहतीच्या आंतले रस्ते औद्योगिक महामंडळाचे, गांवठाणांतले ग्रामपंचायतीचे, गांवें जोडणारे जिल्हा परिषदेचे किंवा बांधकाम खात्याचे; आणि २०१५ सालीं पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाल्यावर इमारतींच्या परवानग्या आणखी निराळ्या हातीं गेल्या. जेथें इतके धनी तेथें कचरा बरोबर सांध्यावर पडतो. कोणत्याहि गांवाची शीव पाहा. वेशीजवळ एकवेळ झाडलेलें असेल, पण दोन गांवांच्या मधला ओढ्याचा पूल ढिगानें भरलेला दिसेल.

पूर्वीं पटकीची सांथ आली म्हणजे कित्येक गांवांत मरीआईचा गाडा काढीत. नैवेद्य ठेवून, वाजतगाजत तो ओढीत नेत आणि शेजारच्या गांवाच्या शिवेवर सोडून येत. तें गांव मग त्याला आपल्या पलीकडच्या शिवेवर पोहोंचवी. सांथ गेली अशी प्रत्येक गांवाची समजूत होई. गाडा मात्र कोणाच्या तरी शिवेंत उभाच असे. आजच्या कचऱ्याची चाल तीच आहे, फरक एवढाच कीं नैवेद्य राहिला नाहीं.

आपण होऊन रस्ता झाडणें ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नव्हे, आणि तिचा एक धागा याच तालुक्याशीं जुळतो. १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, त्यांत पांडुरंग महादेव बापट यांना सेनापति ही पदवी मिळाली. त्या आधीं आपल्या पारनेर गांवीं असतांना रस्ते झाडणें व शौचकूप साफ करणें हा त्यांनीं व्रतासारखा क्रम ठेवला होता. विलायतेंत शिकून आलेला, बाँब बनविण्याची विद्या पैदा करून आणलेला हा गृहस्थ पहांटे झाडू घेऊन निघे, याचा अर्थ त्या काळच्या लोकांना चांगला कळत होता. जुन्या गांवगाड्यांत चावडी झाडणें, मेलेलें जनावर ओढून नेणें हीं कामें जन्मानें कांहीं समाजांवर लादलेलीं होतीं. ज्यानें तें काम करावयाचें नाहीं असें ठरलेलें, त्यानें तें करणें म्हणजे रस्ता साफ करण्याबरोबर तो ठराव मोडणें होतें. बापट तेवढ्यावर थांबले नाहींत. १९२० च्या सुमारास मुंबईंत झाडू-कामगार मित्र मंडळ स्थापून ते झाडूवाल्यांच्या संपांत उभे राहिले. स्वतः झाडणें आणि झाडणाऱ्याच्या वेतनासाठीं भांडणें या दोन गोष्टी त्यांच्या लेखीं एकच होत्या. आजच्या हौशी मंडळांना हा दुसरा भाग फारसा ठाऊक नसतो. अप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस मिळावें म्हणून उपोषण केलें; वरच्या म्हणविल्या जाणाऱ्या जातीच्या कैद्याला तें काम देण्यास अधिकारी तयार नव्हते. आणि गाडगे महाराज (१८७६-१९५६) तर सर्वांना ठाऊक आहेत. गांवांत पाऊल टाकलें कीं प्रथम खराटा, दिवसभर रस्ते आणि गटारें, आणि कीर्तन रात्रीं. हा क्रम त्यांनीं कधीं उलटा केल्याचें ऐकिवांत नाहीं.

त्यांच्याच नांवानें महाराष्ट्र सरकारनें २०००-०१ सालीं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें. आर. आर. पाटील तेव्हां ग्रामविकास मंत्री होते. या योजनेची खुबी अशी कीं आधीं पैसा द्यावयाचा नाहीं. गांवानें श्रमानें व वर्गणीनें काम करावें, मग तपासणी होऊन बक्षीस मिळावें. गांवें खरोखरच उठलीं. पण स्पर्धेच्या सफाईला एक खोड असते. समिति येण्याच्या आदल्या रात्रीं गांव जितकें स्वच्छ असतें तितकें तें पुन्हां होत नाहीं. ज्या गांवांत बक्षिसानंतरहि काम चालू राहिलें तेथें तें समितीसाठीं नव्हतें एवढें निश्चित समजावें.

हीच गोष्ट आजच्या एकदिवसीय मोहिमांची. शे-दोनशें माणसें एका सकाळीं पांच किलोमीटर रस्ता झाडतात, ट्रकभर कचरा गोळा होतो, आणि पंधरा दिवसांनीं रस्ता पूर्ववत् दिसतो. लोक निराश होऊन म्हणतात, समाज सुधारत नाहीं. समाजाला दोष देण्याआधीं एक जुना प्रयोग पाहावा. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व त्यांचे सहकारी यांनीं तो १९९० सालीं प्रसिद्ध केला. एका मोटारतळावर प्रत्येक गाडीच्या कांचेवर त्यांनीं एक कागद अडकवून ठेवला. गाडी जपून चालवा, असा निरुपद्रवी उपदेश त्यावर होता. मालक परत येई, कागद काढी, आणि तो खालीं टाकी किंवा बरोबर नेई. तळ आधींच कागदांनीं भरलेला असे तेव्हां शंभरांतले ३२ जण कागद खालीं टाकीत. तळ स्वच्छ असे तेव्हां १४. पुढची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. मालकाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कोणीं कागद टाकला, तर घाण तळावर टाकणाऱ्यांचें प्रमाण ५४ पर्यंत चढे, आणि स्वच्छ तळावर तें ६ पर्यंत उतरे. एकाच कृत्याचे दोन उलट परिणाम! घाणींत टाकणारा आपल्याला सोबती वाटतो; स्वच्छ जागीं टाकणारा उठून दिसतो आणि त्याची आपल्याला लाज वाटते.

यांतून स्वयंसेवकांनीं घ्यावयाचें तें असें, कीं अर्धवट साफ केलेला पांच किलोमीटर रस्ता हा घाण रस्ताच असतो. त्याच्यावर टाकणाऱ्याला सोबत पुष्कळ. त्या ऐवजीं तीनशें मीटरच साफ करावे, पण तेथें कागदाचा कपटा राहूं देऊं नये. आणि दर आठवड्यास, निदान पंधरवड्यास, त्याच तीनशें मीटरांवर यावें. मोठ्या मोहिमेचें छायाचित्र चांगलें येतें, छोट्या तुकड्याचें येत नाहीं, ही अडचण आहे खरी.

तुकडा वांटून घेण्याची ही कल्पना टेक्सास राज्यांत फार पद्धतशीरपणें राबविली गेली. तेथल्या रस्ते खात्याच्या टायलर विभागांत जेम्स एव्हन्स नांवाचे अभियंते होते. १९८४ सालीं पुढें चाललेल्या एका गाडीच्या उघड्या पाठींतून कचरा उडतांना त्यांनीं पाहिला. सरकारनें मजूर लावून रस्ते साफ करण्याचा खर्च वाढत चालला होता. तेव्हां गांवोगांवच्या मंडळांनीं रस्त्याचे तुकडे दत्तक घ्यावे असें त्यांनीं सुचविलें. पहिल्यानें कोणी दाद दिली नाहीं. पुढें त्याच कचेरींतले बिली ब्लॅक यांनीं तें मनावर घेतलें, नियम बांधले, आणि ९ मार्च १९८५ रोजीं टायलरच्या सिव्हिटन क्लबनें दोन मैलांचा तुकडा घेतला. तेथून ही पद्धति अमेरिकेंत बहुतेक सर्वत्र व बाहेरहि पसरली. या योजनेंत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे तुकड्याच्या दोन्ही टोकांना मंडळाच्या नांवाची पाटी लागते. तुकडा घाण झाला तर नांव घाणींत उभें राहतें, आणि हा धाक दंडापेक्षां बरा. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं, पण सारी मख्खी तींत आहे. गोळा करण्याचें काम मंडळाचें. भरलेल्या पिशव्या उचलून नेण्याचें काम रस्ते खात्याचें, आणि हें आधींच ठरलेलें.

आपल्याकडे बहुतेक उपक्रम नेमके येथें फसतात. गोणी भरण्यास माणसें मिळतात, गोणी नेण्यास गाडी मिळत नाहीं. मग चाळीस गोण्या रस्त्याच्या कडेला रांगेनें ठेवून, त्यांच्यापाशीं उभें राहून मंडळी घरीं जातात. दुपारीं गाई येतात, रात्रीं कुत्रीं येतात, आणि सकाळीं जो कचरा शंभर ठिकाणीं विरळ होता तो एका ठिकाणीं दाट होतो. येणारा जाणारा समजतो कीं कचरा टाकण्याची नवी जागा नेमली. अशी मोहीम न झालेली बरी. महाराष्ट्रांत जीं मोठीं श्रमदानें नीट पार पडतात तीं पाहावीं. रेवदंड्याच्या डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य अनेक शहरांत एकाच दिवशीं हजारोंच्या संख्येनें रस्ते झाडतात. शिस्त तर त्यांत आहेच, पण कचरा त्याच दिवशीं वाहून नेण्याची व्यवस्था असते म्हणून त्या शिस्तीला फळ येतें. एस्टोनिया या चिमुकल्या देशानें ३ मे २००८ रोजीं सुमारें पन्नास हजार माणसें उतरवून एका दिवसांत दहा हजार टन कचरा उचलला. त्या दिवसाची कीर्ति जगभर झाली. परंतु त्याच्या आधीं देशभरच्या उकिरड्यांच्या जागा नकाशावर मांडण्यांत कित्येक महिने गेले होते, आणि माल कोठें उतरावयाचा हें ठरलेलें होतें. एक दिवसाच्या कामामागें असें वर्ष असेल तर एक दिवसहि पुरतो.

तेव्हां माणच्या किंवा दुसऱ्या कोणत्याहि गांवच्या मंडळानें पहिली खेप खराट्याची न करतां कचेरीची करावी. हा तुकडा कोणाचा, ग्रामपंचायतीचा, महामंडळाचा कीं बांधकाम खात्याचा, हें लेखी विचारावें. भरलेल्या गोण्या कोणत्या वारीं, किती वाजतां, कोणाची गाडी नेईल, हें लेखी घ्यावें. उत्तर येण्यास महिना लागला तरी हरकत नाहीं. रस्ता कोठें जात नाहीं. धनी ठरला कीं निम्में काम झालें, कारण या कचऱ्याचें मूळ दुखणें तेंच आहे.

आतां प्रत्यक्ष काम. पाचोळा हा कचरा नव्हे, त्याला हात लावूं नये. तो झाडाच्या बुडाशीं लोटून द्यावा म्हणजे त्याचें खत होतें आणि गोणी रिकामी राहते. उरलेल्या मालाची निवड जागच्या जागीं करावी. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा, अखंड कांच यांना बाजारांत किंमत आहे. ती गोणी वेगळी. वेफरच्या पुड्या, थर्माकोल, चहाचे मेणचट पेले यांना किंमत नाहीं, ती दुसरी. फुटकी कांच, सुया, पट्ट्या, लहान मुलांचे लंगोट हें सारें तिसऱ्या, जाड पोत्यांत, आणि त्यावर खूण. इमारतींचा राडारोडा हातानें उचलण्याच्या भरीस पडूं नये. त्याची जागा व तारीख लिहून धनी खात्याकडे अर्ज करावा, कारण तो डंपरनें आलेला असतो आणि डंपरनेंच जातो.

किमतीच्या मालाविषयीं एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. रस्त्यावरच्या बाटल्या वेंचून ज्यांचें पोट चालतें अशीं माणसें, बहुतेक बायका, प्रत्येक शहराच्या कडेला आहेत. पुण्यांत अशा कष्टकऱ्यांनीं १९९३ सालीं कागद कांच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभारली, आणि पुढें तींतून निघालेल्या स्वच्छ सहकारी संस्थेनें महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम घेतलें. शहराच्या कचऱ्यांतला मोठा हिस्सा या हातांनीं पुन्हां कारखान्याकडे वळतो. तेव्हां रविवारच्या स्वयंसेवकांनीं बाटल्यांची गोणी भंगारवाल्याला विकून मंडळाच्या चहाची सोय करण्याआधीं, त्या रस्त्यावर रोज वेंचणारी बाई कोण आहे तें पाहावें आणि ती गोणी तिला द्यावी. तिच्याइतकी त्या रस्त्याची माहिती मंडळाच्या कोणाहि सभासदाला नसते. कोणता ढीग कोणत्या रात्रीं पडतो हें ती बिनचूक सांगेल.

जाळणें हा सोपा उपाय सर्वांनाच सुचतो. तो करूं नये. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनीं मनाई केली. कायद्याखेरीज पाहिलें तरी, जमिनीवर पडलेली पिशवी निदान एका जागीं असते. जाळल्यावर तीच विषारी धूर होऊन सगळ्या वस्तीच्या छातींत जाते.

धोकेहि आहेत. वसाहतीच्या रस्त्यांवर बसगाड्या, टँकर, डंपर यांची रीघ असते. काम सूर्योदयाच्या सुमारास करून गर्दीच्या आधीं आटपावें, आणि वाहनांना पाठ न करतां समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड ठेवून चालावें. अंगांत लांबून दिसेल असें भडक जाकीट असावें. मुलांना हमरस्त्यावर आणूं नये. त्यांना गांवठाणांतली गल्ली द्यावी. ढिगाखालीं हात कधींहि घालूं नये. पावसाळ्यांत व त्यानंतर घोणसीसारखीं जनावरें तेथें आसऱ्याला बसलेलीं असतात. आधीं काठीनें ढीग हलवावा, मग चिमटा वापरावा.

या कामावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. लोक कर भरतात, सफाई हें पंचायतीचें कर्तव्य आहे. तें फुकट करून देणारे स्वयंसेवक तिच्या आळसाला उशी देतात, असें आक्षेपक म्हणतात. नुसत्या गोण्या भरून घरीं जाणाऱ्यांच्या बाबतींत हें पटण्यासारखें आहे. उत्तर आहे तें वहींत. प्रत्येक खेपेला एका साध्या वहींत तारीख, तुकडा, किती गोण्या, आणि गोण्यांत मुख्यतः काय निघालें हें लिहावें. सहा महिन्यांत ती वही बोलूं लागते. पेले अमुक दोन टपऱ्यांभोंवतीं, लहान बाटल्यांचा खच लग्नसराईंत मंगल कार्यालयाच्या वळणावर, घरगुती पिशव्या घंटागाडी न येणाऱ्या चाळींसमोर. महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ च्या जूनपासून बंदी आली, एकदांच वापरावयाच्या कित्येक वस्तूंवर जुलै २०२२ पासून देशभर आली, आणि गुटख्यावर तर २०१२ सालींच आली होती. बंद झालेल्या या वस्तु वहींत किती वेळां भेटतात हें लिहिलें म्हणजे कायदा कोठवर पोहोंचला तें कळतें. स्वयंसेवकांनीं उचललेला कचरा गांवाच्या एकंदर कचऱ्यापुढें चिमूटभर असतो. परंतु ही माहिती दुसऱ्या कोणापाशींहि नसते. ग्रामसभेचे रूढ दिवस २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे आहेत. ज्या दिवशीं मंडळाचा एक सभासद ही वही उघडून, अमुक चाळींसमोर गाडी येत नाहीं म्हणून तेथें बावीस गोण्या भरल्या, असें सभेंत वाचून दाखवील, त्या दिवशीं स्वयंसेवक आळसाला उशी देतात असें म्हणण्यास जागा उरणार नाहीं. ठराव लिहून घेतल्याशिवाय मात्र उठूं नये.

ऋतूचाहि विचार करावा लागतो. माणच्या शिवारांतले ओढे मुळेला मिळतात. मुळा दापोडीपाशीं पवनेला पोटांत घेते, पुण्यास संगमावर मुठेला भेटते, आणि मुळा-मुठा पुढें भीमेला जाऊन मिळते. भीमेवर उजनीचें धरण आहे, आणि त्याच्या खालीं पंढरपूर. तेथें तिलाच चंद्रभागा म्हणतात. ज्या पालख्या आळंदी-देहूहून निघून पायीं पंढरीस जातात त्यांच्या वाटेवर विद्यार्थ्यांचीं पथकें पत्रावळी व कचरा उचलीत जातात, तें काम सर्वांच्या दृष्टीस पडतें. पाण्याच्या वाटेनें पंढरीस जाणारा कचरा कोणाला दिसत नाहीं. वर्षाचे आठ महिने तो रस्त्याच्या चारींत कोरडा, हलका, हातानें उचलतां येण्यासारखा पडून असतो. एका जोराच्या पावसानंतर तो मोरीच्या तोंडाशीं चिखलांत रुततो आणि दुसऱ्या पावसानंतर ओढ्यांत असतो. म्हणून नेहमींच्या फेऱ्यांखेरीज एक फेरी मृग लागण्याच्या आधींच्या पंधरवड्यांत ठेवावी. आणि त्या फेरींत रस्ता मागाहून घ्यावा, आधीं मोऱ्यांचीं तोंडें मोकळीं करावीं.